कुपवाडच्या शॉपमध्ये रोबोटशेजारी माणसाची जागा आखताना

जॉब, म्हणजे मशिनवर करायचा भाग, होता मोनोब्लॉक पंपाचा बेअरिंग ब्रॅकेट. बिडाचं कास्टिंग, म्हणजे ओतीव तुकडा, कच्चं वजन ३.८ किलो, मशिनिंग झाल्यावर ३.१ किलो. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या शॉपमध्ये तो सीएनसी लेथवर (संगणकाने चालणाऱ्या कातयंत्रावर) एकाच सेटिंगमध्ये होतो: फेस (सपाट तोंड), रजिस्टरचा (जोडणीत बरोबर बसणाऱ्या कडेचा) बाहेरचा व्यास आणि ६२ मिमीचा बेअरिंग बोअर (बेअरिंग बसायचं भोक). सायकल, म्हणजे एका जॉबचं मशिनिंग, १६० सेकंदांची, हाताने काढ-घाल करायला सरासरी ३५ सेकंद. जेवण आणि दोन चहा वजा जाता पाळीत ४३० मिनिटं उरतात. कागदावर १३२ जॉब निघायला हवेत, प्रत्यक्षात ११५ ते १२० निघायचे. ऑपरेटर प्रत्येक जॉब तीनदा उचलतो: जाळीतून टेबलावर, टेबलावरून चकमध्ये (लेथची जॉब धरणारी पकड), चकमधून बाहेर. ११८ जॉबचा हिशेब मांडला तर पाळीला सव्वा टनाच्या वर वजन एका माणसाच्या हातावरून जातं. त्यातले दोन हेलपाटे कंबरेत वाकून, हात लांब करून, थेट चकच्या तोंडाशी.

रोबोटचा विषय निघाला तो खांद्यांमुळे. दुसऱ्या पाळीच्या शेवटच्या दोन तासांत जॉब तिरका बसायचं प्रमाण वाढायचं, कारण हात थकलेला असायचा. सांगली जिल्ह्यात पंपाचं काम जुनं आहे. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये वसली तेव्हापासून इथल्या कित्येक घरांत मशिनवर काम करणारी माणसं झाली. त्यांच्या हातातलं कसब ठेवायचं आणि वजन काढून घ्यायचं, एवढंच काम होतं. ते करायला आम्हाला आठ महिने लागले. त्यातले जवळजवळ तीन महिने रोबोट यायच्या आधीचे आहेत आणि तेच सगळ्यात जास्त उपयोगी पडले.

कोबॉट म्हणजे माणसाशेजारी काम करायला बनवलेला रोबोट. त्याची कल्पना १९९६ च्या सुमाराला अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या एडवर्ड कोलगेट आणि मायकेल पेश्किन यांनी मांडली. त्यांच्या मूळ यंत्रात ढकलायची ताकद माणसाची होती, यंत्र फक्त दिशा राखायचं. आज बाजारात मिळणारे कोबॉट स्वतःच्या मोटरवर चालतात, पण कामाची वाटणी करताना तो जुना विचार डोक्यात ठेवला तर बऱ्याच चुका टळतात. कुठे माणसाची जाण लागते आणि कुठे नुसता जोर लागतो, हे आधी वेगळं करायचं.

त्यासाठी तीन दिवस तिन्ही पाळ्यांत लेथशेजारी उभं राहून प्रत्येक हालचाल लिहिली. मोबाइलवर व्हिडिओ काढले आणि ते ऑपरेटरांबरोबरच बसून पाहिले. एका जॉबमागे २३ हालचाली निघाल्या. प्रत्येकीपुढे तीनपैकी एक खूण केली: हाताला कळणारी, वजनाची, नुसती वाट बघण्याची. खूण कोणती करायची ते ऑपरेटरने ठरवायचं, आम्ही फक्त लिहायचं. हा नियम पाळला नसता तर निम्म्या गोष्टी सुटल्या असत्या. उदाहरणार्थ, चकमध्ये जॉब ठेवताना ऑपरेटर तो मनगटातून किंचित फिरवून स्टॉपरवर टेकवतो. व्हिडिओत ते सवयीसारखं दिसतं. विचारल्यावर उत्तर आलं, “साहेब, टक् असा आवाज आला की बसला. आवाज बद्द आला की मागे चिप आहे.” चिप म्हणजे कापताना निघालेला कीस. चकचं पेडल दाबायच्या आधीच्या त्या अर्ध्या सेकंदात जॉबचा फेस रनआउट, म्हणजे फिरताना फेस किती डुलतो ते, ठरतं. ही हालचाल आम्ही वजनाची धरली होती. ती खूण खोडून हाताला कळणारीची केली, आणि पुढे रोबोटला हे कसं कळणार यावर सगळ्यात जास्त डोकं चालवावं लागलं.

वाटणी अशी ठरली. ट्रेमधून जॉब उचलणं, चक हवेने साफ करणं, जॉब लावणं-काढणं, बाहेरच्या ट्रेत ठेवणं रोबोटकडे. कास्टिंग बघणं, फिन घासणं, बोअर मोजणं, ऑफसेट देणं (मापातला फरक मशिनला सांगणं), इन्सर्ट (कापायची धार) बदलणं, ब्लोहोल (ओतकामातली पोकळी) ओळखणं, बर (कडेला राहिलेले धारदार कंगोरे) काढणं माणसाकडे. हवेने साफ करायचं काम मुद्दाम रोबोटला दिलं. दरवाजातून तोंड आत घालून एअर गन मारताना बारीक कीस डोळ्यांत जायची सगळ्यात मोठी भीती तिथेच होती.

फिनबद्दल थोडं सांगायला हवं. फाउंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगच्या पार्टिंग लाइनवर, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात त्या रेषेवर, फिन (धातूची पातळ कड) असते, कधी अर्धा मिमी, कधी दीड. माणूस ती बघतो आणि चकचे जॉ (पकडीची बोटं) चुकवून जॉब धरतो. रोबोट दर वेळी एकाच जागी धरतो, त्यामुळे दीड मिमीची फिन जॉच्या खाली आली की जॉब तिरका बसतो. यावर कॅमेरा लावायचा सल्ला मिळाला होता. आम्ही तो घेतला नाही. त्याऐवजी ट्रे भरतानाच ऑपरेटर कास्टिंग हातात फिरवून बघतो, लागलं तर कानशीने दोन फटके मारतो आणि खाचेत बसेल असंच ठेवतो. ट्रेची खाच जॉच्या आकाराचीच केली आहे. फिन राहिली तर कास्टिंग खाचेत बसतच नाही, ट्रेवरच डोलतं. पन्नास रुपयांच्या कानशीने आणि एका प्लेटने काम झालं, आणि कास्टिंगवर माणसाची नजर पहिल्यापासून राहिली.

टेबलाची उंची ठरवायला सहा ऑपरेटरांच्या कोपराची उंची बूट घालून मोजली. ९६० पासून १०८० मिमीपर्यंत आली. हातात तीन-चार किलो घेऊन करायच्या कामाला टेबल कोपराच्या ५० ते १०० मिमी खाली असावं, म्हणजे एकाला ९०० लागतं तर दुसऱ्याला १०००. एकच उंची ठरवून चालणार नव्हतं. म्हणून घासायचं आणि मोजायचं टेबल स्क्रू जॅकवर घेतलं, हँडल फिरवून १०० मिमी वर-खाली होतं. प्रत्येकाच्या उंचीची खूण टेबलाच्या पायावर रंगाने केली. ही खूण नसेल तर दोन आठवड्यांत टेबल एका जागी गंजून बसतं, हे आधीच्या एका टेबलावर बघितलेलं होतं.

ट्रेच्या बाबतीत आमची सरळ चूक झाली. १२ जॉबचा ट्रे ठरवला तेव्हा रोबोटच्या सोयीने ठरवला. भरलेला ट्रे ४५ किलोच्या वर जातो, ट्रेचं स्वतःचं वजन वेगळं. चाचणीच्या पहिल्या दिवशी दोघांनी मिळून तो उचलून रोलरवर ठेवला. खांद्यावरचं ओझं काढायला निघालो आणि एकेक जॉबऐवजी बारा जॉब एकदम उचलायला लावले. मग नियम केला की भरलेला ट्रे कधीच उचलायचा नाही. भरायचं टेबल, ट्रॉली आणि रोलर ट्रॅक तिन्ही एकाच पातळीला आणले, ट्रे सगळीकडे सरकतो. ट्रॅक १.२ मीटर लांब आणि रोबोटच्या बाजूला दोन अंशांनी उतरता. उतार जास्त दिला तर ट्रे स्टॉपवर आदळून जॉब खाचेतून हलतात. कमी दिला तर बिडाच्या किसाने रोलर जाम होतात आणि माणूस हात आत घालून ट्रे ढकलतो.

रोबोट घेतला तो साडेबारा किलो उचलणारा, १३०० मिमी पोहोच असलेला. ३.८ किलोच्या जॉबला एवढा कशाला, हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. एका फेरीत तयार जॉब काढून कच्चा लावायचा तर दोन ग्रिपर (रोबोटचे जॉब धरणारे पंजे) लागतात. दोन ग्रिपरचे २.२ किलो, ते बसवायच्या ब्रॅकेटचे १.३, कच्चा ३.८ आणि तयार ३.१, मिळून १०.४ किलो. शिवाय वजनाचा मध्य रोबोटच्या मनगटाच्या फ्लँजपासून लांब गेला की उचलायची क्षमता कमी होते. ग्रिपरचा ब्रॅकेट आखूड करून तो मध्य १४० मिमीवर आणला, तेव्हा कुठे आकडे बसले. एकच ग्रिपर ठेवला असता तर लहान रोबोट चालला असता, पण चक रिकामा राहायचा वेळ जवळजवळ दुप्पट झाला असता.

ग्रिपर हा या सगळ्यातला खरा धोक्याचा भाग. रोबोटचा हात धक्का लागला की थांबतो, ग्रिपरची पकड थांबत नाही. बिडाचा जॉब घट्ट धरायला जेवढा जोर लागतो तेवढ्यात बोट चिरडतं. म्हणून ग्रिपरच्या बोटांची उघडझाप जॉबपेक्षा दोन्ही बाजूंनी फक्त २ मिमी जास्त ठेवली, माणसाचं बोट आत जाणारच नाही. हवा गेली तरी पकड सुटू नये म्हणून ग्रिपरच्या तोंडाशीच नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला. कडांना ५ मिमीची गोलाई दिली, बोल्टची डोकी आत बुडवली, बाहेरून रबरी आवरण घातलं. कोबॉट सुरक्षित आहे असं पत्रकात छापलेलं असतं, ते रिकाम्या हाताबद्दल असतं. हातात कच्चं कास्टिंग आलं की सगळा हिशेब नव्याने करायचा असतो. रोबोटच्या सुरक्षेचं आयएसओ १०२१८ हे मानक २०२५ मध्ये नव्याने आलं, त्यातही भर रोबोटच्या नावावर नसून तो ज्या कामाला जुंपला आहे त्या अख्ख्या कामावर आहे.

सगळ्यांचं लक्ष ग्रिपरकडे असतं आणि रोबोटच्या कोपराकडे कुणी बघत नाही. पहिल्या मांडणीत रोबोट चककडे वळताना त्याचं कोपर १४५० मिमी उंचीवर बाहेरच्या बाजूला यायचं. शेजारी उभ्या माणसाचा चेहरा त्याच पट्ट्यात येतो. कोबॉटच्या सुरक्षेसाठीच्या २०१६ च्या आयएसओ टीएस १५०६६ मध्ये शरीराच्या भागांप्रमाणे दाबाच्या मर्यादा दिल्या आहेत. हात आणि बोटांना, अडकून दाबली गेली तर, १४० न्यूटन; चेहऱ्याला ६५. हाताला नुसता धक्का बसला आणि तो मागे सरकू शकला तर दुप्पट, २८० पर्यंत चालतं. चेहऱ्याला आणि डोक्याला ही सवलत नाही. म्हणजे चेहऱ्याच्या वाटेत रोबोट येताच कामा नये. स्टँड ७५० वरून ६०० मिमीवर उतरवला, २०० मिमी लेथकडे सरकवला आणि हाताची वळण्याची दिशा बदलली. आता कोपर लेथच्या बाजूला उचललं जातं.

तरीही एक गोष्ट राहिलीच होती. ऑपरेटर जमिनीवरच्या जाळीतून कास्टिंग घ्यायला वाकतो तेव्हा त्याचा चेहरा ८०० मिमीवर येतो, आणि त्या उंचीवर रोबोटचा ग्रिपर फिरतो. उभ्या माणसाला सुरक्षित असलेली वाट वाकलेल्या माणसाला सुरक्षित नव्हती. जाळीखाली हाताने पंप करायचं लिफ्ट टेबल घेतलं आणि ते रोबोटच्या टप्प्याबाहेर, ट्रे भरायच्या टेबलाच्या पलीकडे ठेवलं. कंबरेचा त्रासही गेला आणि चेहराही वाटेतून बाजूला झाला. कंबरेचा प्रश्न आणि सुरक्षेचा प्रश्न वेगवेगळ्या फायलींत ठेवले असते तर हे दिसलं नसतं.

मग अंतर. माणूस जवळ आला की रोबोट हळू व्हावा म्हणून जमिनीपासून २०० मिमीवर लेझर स्कॅनर लावला. कुठून हळू करायचं याला आयएसओ १३८५५ च्या २०१० च्या आवृत्तीतलं सूत्र वापरलं: माणसाचा चालण्याचा वेग सेकंदाला १६०० मिमी धरायचा, त्याला थांबायला लागणाऱ्या एकूण वेळाने गुणायचं, आणि त्यात १२०० वजा स्कॅनरच्या उंचीच्या ०.४ पट एवढे मिलिमीटर मिळवायचे. आमच्याकडे स्कॅनरला ०.०८, कंट्रोलला ०.०४ आणि सेकंदाला १ मीटर वेगाने भरल्या हाताने जाणाऱ्या रोबोटला ०.३८ सेकंद लागतात, एकूण अर्धा सेकंद. ८०० अधिक ११२०, म्हणजे १९२० मिमी. स्कॅनरच्या मोजणीतल्या चुकीचे १०० मिळवले की दोन मीटरच्या वर. थांबायचा वेळ पत्रकातून उचलू नका. पूर्ण वजन, पूर्ण वेग आणि हात पूर्ण लांब असताना मोजा. रिकाम्या हाताला आमच्याकडे ०.२५ लागत होते. तोच आकडा धरला असता तर दोनशे मिमीने फसलो असतो.

दोन मीटर हा आकडा हातात आल्यावर सगळी मांडणी पुन्हा केली. घासायचं आणि मोजायचं टेबल पहिल्यांदा रोबोटपासून दीड मीटरवर होतं. म्हणजे ऑपरेटर स्वतःच्या टेबलाशी उभा असला तरी रोबोट कायम हळूच चालला असता आणि महिन्याभरात कुणीतरी स्कॅनरवर पुठ्ठा लावला असता. टेबल मागे घेतलं, आणि ट्रे आत-बाहेर करायचं काम त्या १.२ मीटरच्या रोलर ट्रॅकने केलं. आता ऑपरेटर त्याच्या नेहमीच्या जागी असताना रोबोट १ मीटर वेगाने चालतो. माणूस आत आला की वेग सेकंदाला २५० मिमीवर येतो. काढ-घाल २२ सेकंदांत होते ती मग ४१ सेकंदांत होते, पण कुणाला कुठे थांबायला लागत नाही.

एप्रिलमध्ये रोबोट विनाकारण हळू व्हायला लागला. दोन दिवस कंट्रोल तपासलं. कारण निघालं पेडेस्टल फॅन. सांगलीच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये वाऱ्याशिवाय उभं राहवत नाही, आणि फॅन जिथे वारा चांगला लागतो तिथे ओढला जातो, म्हणजे नेमका स्कॅनरच्या टापूत. फॅन हलवू नका असं लिहून काही होत नाही. टेबलाच्या डोक्यावर खांबाला दोन फॅन पक्के बसवले, तेव्हा प्रश्न मिटला. स्टूल, डबा, हेल्मेट, पाण्याचा जार या सगळ्यांना टापूबाहेर नेमकी जागा करून दिली. स्कॅनरची काच कूलंटच्या धुक्याने आणि बिडाच्या काळ्या धुळीने दर पाळीत मळते. ती मऊ कापडाने पुसायची. चिंध्या वापरल्या तर ओरखडे पडतात आणि मग काच बदलायला लागते.

धोक्यांची यादी करताना ऑपरेटर, सेटर, मेंटेनन्स असे तिघे लिहिले जातात. आमच्याही यादीत तेवढेच होते. मागच्या बाजूने चिपची ट्रॉली ओढायला येणारा हेल्पर त्यात नव्हता, आणि सकाळी झाडायला येणाऱ्या मावशीही नव्हत्या. हेल्पर जिथून येतो तिथे स्टँडच्या आडोशामुळे स्कॅनरला ४०० मिमीचा पट्टा दिसत नव्हता. मावशी ट्रॅकखाली झाडायला उकिडव्या बसतात. स्कॅनरला त्या दिसतात, रोबोट हळू होतो, पण डोकं खाली आणि ग्रिपर वर अशी वेळ येते. चिपच्या ट्रॉलीचं तोंड दुसऱ्या बाजूला फिरवलं आणि आडोशाच्या पट्ट्यावर जाळी लावली. झाडताना रोबोटचा मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावायचं आणि किल्ली मावशींनी स्वतःजवळ ठेवायची, हे ठरवलं. किल्ली दुसऱ्या कुणाकडे दिली की घाईच्या दिवशी कुणीतरी मशिन सुरू करतोच.

लेथ आणि रोबोट जोडताना वेळ खाल्ला तो वायरिंगने. लेथ जुना, त्याचे सिग्नल रोबोटच्या सिग्नलशी जुळत नव्हते, म्हणून मधे २४ व्होल्टचा रिले बोर्ड टाकला. आठ सिग्नल लागले: दरवाजा उघडा, दरवाजा बंद, चक उघडा, चक घट्ट, सायकल सुरू, सायकल संपली, लेथ अलार्ममध्ये आणि रोबोट बाहेर आला. चक घट्ट झाल्याचं फक्त आउटपुट गेलं म्हणून धरायचं नाही, हायड्रॉलिक लाइनवर प्रेशर स्विच बसवून त्याचा होकार घ्यायचा. इमर्जन्सी स्टॉप मात्र रिले बोर्डातून न्यायचा नाही. तो दुहेरी वायरने सेफ्टी रिलेतून, आणि एक बटण दाबलं की रोबोट आणि लेथ दोन्ही थांबले पाहिजेत. चकचं फूट पेडल रोबोट मोडमध्ये तोडून टाकलं. पायाची सवय सुटत नाही. रोबोट जॉब धरून आत असताना पाय पडला तर जॉब, जॉ आणि ग्रिपर तिन्ही एकमेकांवर ओढले जातात.

आता त्या ‘टक्’ आवाजाकडे. स्टॉपरच्या तोंडाला १.२ मिमीचं भोक पाडून त्यातून हवा सोडली. जॉब नीट टेकला की भोक बंद होतं, लाइनमध्ये दाब चढतो आणि सेन्सर होकार देतो. मागे चिप असेल तर हवा निसटते, दाब चढत नाही. रोबोट जॉब मागे घेतो, दीड सेकंद हवा मारतो आणि पुन्हा एकदा लावतो. दुसऱ्यांदाही होकार आला नाही तर थांबून माणसाला बोलावतो. ग्रिपरच्या मागे स्प्रिंगची प्लेट दिली, म्हणजे जॉब स्टॉपरवर थोडा दाबला जातो आणि मनगटाची ती किंचित फिरकी भरून निघते. बिडाचा कीस कूलंटमध्ये मिसळला की चिखल होतो आणि ते भोक बुजतं. मग सेन्सर चिप असतानाही होकार देतो, हे जास्त वाईट. म्हणून पाळीच्या सुरुवातीला १ मिमीची तार घालून भोक साफ करायचं, आणि ५० मायक्रॉनची शिम (पातळ पत्री) मागे ठेवून सेन्सर नाही म्हणतो का ते बघायचं. नाही म्हणाला तरच पाळी सुरू.

कूलंट बंद झाल्यावर पाच सेकंद थांबून दरवाजा उघडतो, नाहीतर धुकं थेट रोबोटच्या सांध्यांवर येतं. जॉबमधून गळणाऱ्या कूलंटसाठी रोबोटच्या वाटेखाली पन्हळ केली. ती नव्हती तेव्हा ऑपरेटरच्या येण्या-जाण्याच्या जागीच फरशी निसरडी व्हायची. कंट्रोलरला ऑनलाइन यूपीएस आहे, कारण पावसाळ्यात लाइटचा झटका दिवसातून दोन-तीनदा बसतो. लाइट परत आल्यावर रोबोट आपोआप सुरू होत नाही. ऑपरेटर आत बघतो, जॉब कुणाच्या हातात आहे ते ठरवतो आणि मग बटण दाबतो.

दाब मोजायचं उपकरण पुण्याहून भाड्याने आणलं. माणसाच्या हाताएवढी कडक स्प्रिंग, मिलिमीटरला ७५ न्यूटनची, आणि वर रबर. जिथे हात अडकू शकतो अशी नऊ ठिकाणं निवडली, प्रत्येक ठिकाणी तीनदा मोजलं. ट्रेची कड आणि ग्रिपर यांच्यामध्ये ५०० मिमी वेगाला २१२ न्यूटन आले, मर्यादा १४०. वेग २५० वर आणल्यावर १२८. लेथच्या दरवाजाची चौकट आणि रोबोटचं मनगट यांच्यामध्ये ९० मिमीची फट होती. तिथे वेग कमी करत बसण्याऐवजी वाट ४० मिमी सरकवली, कारण मुठीसाठी निदान १०० मिमी मोकळं हवं. बाकी सात ठिकाणी २५० चालला.

प्रोग्रॅम ऑपरेटरांनी शिकवला. हात धरून रोबोट नेता येतो, त्यामुळे प्रत्येक बिंदू त्यांनी स्वतः ठरवला आणि त्यांच्याच शब्दांत नावं दिली: ट्रे-वर, दारात, चक-समोर, टेकव, माघारी. अलार्म आला की पॅनेलवर ‘टेकव’ दिसतं आणि कुठे अडलं ते लगेच समजतं. त्यांनी एक मागणी केली होती, ती आम्हाला सुचली नसती: रोबोटने दर वेळी एकाच वाटेने जावं, सेकंद-दोन सेकंद वाचवायला जवळची वाट घेऊ नये. डोळ्याच्या कडेला काही अनपेक्षित हललं की बोअर गेज धरलेला हात बिचकतो. चार सेकंद जास्त जातात, ते आम्ही मान्य केले. थांबलेला रोबोट पुन्हा हलायच्या आधी दोन सेकंद बझर आणि पिवळा दिवा, तोही त्यांचाच आग्रह. २२ सेकंदांचा आकडा हे सगळं धरून आहे.

सगळ्यात जास्त वाद झाला तो गतीवरून. आत दोन ट्रे, २४ जॉब, म्हणजे सव्वा तासाच्या जवळपास रोबोट एकटा चालू शकतो. जागा आणि अडकलेला माल कमी करायला एकच ट्रे ठेवा, असं हिशेब बघणाऱ्यांचं म्हणणं. आम्ही दोन ट्रेवर अडून बसलो आणि अजूनही तेच बरोबर मानतो. एक ट्रे ठेवला की माणूस रोबोटला भरवत राहतो. लघवीला जायचं तरी घड्याळ बघायला लागतं. तरीही सव्वा तास हा आकडा पुरता खरा नव्हता. बोअर एच ७ मध्ये, म्हणजे ३० मायक्रॉनच्या आत राखायचा असल्याने रोबोट दर पाचवा जॉब मोजायच्या घसरणीवर ठेवतो. घसरणीवर एकच जागा होती, तेव्हा आधीचा जॉब मोजून उचलला नसेल तर पंधरा मिनिटांत सगळं थांबायचं. दुसरी जागा केली, आता दहा जॉबपर्यंत, म्हणजे अर्धा तास मिळतो. खरी मोकळीक तेवढीच आहे. जेवायला जाताना मोजून जावं लागतं.

पहिल्या महिन्यात पाळीला शंभरही जॉब निघाले नाहीत. निम्मे थांबे ग्रिपरच्या सेन्सरच्या वायरीचे होते. मनगटाशी वायर प्रत्येक वळणाला घासत होती. वायर मोकळी, लांब लूप देऊन बांधल्यावर ते थांबलं. चौथ्या महिन्यापासून १३८ ते १४२ जॉब निघतात. ऑपरेटरच्या हातावरून अजूनही वजन जातं, कास्टिंग बघून ट्रेत ठेवताना एकदा आणि तयार जॉबची बर काढताना एकदा, पण दोन्ही वेळा कोपराच्या उंचीवर, शरीराजवळ. खर्चात रोबोटच्या हाताचा वाटा निम्म्याच्या थोडा वर आहे. उरलेला ग्रिपर, दरवाजा, स्कॅनर, ट्रे, ट्रॅक, टेबलं आणि वायरिंगचा. कोटेशन फक्त रोबोटचं घेऊन बजेट धरलं तर शेवटी कात्री लागते ती टेबलांना आणि लिफ्टला, म्हणजे नेमकी माणसाच्या वाट्याच्या वस्तूंना.

आता याच लेथवर दुसरा जॉब येतो आहे, मोठ्या पंपाचा फ्लँज, ४.६ किलोचा. दोन ग्रिपरमध्ये कच्चा आणि तयार मिळून तो बसत नाही, एकाच ग्रिपरने चालवायचा आहे. बोटं नवीन, ट्रेची खाच नवीन, थांबायचा वेळ पुन्हा मोजायचा, आणि नऊच्या नऊ ठिकाणी दाब पुन्हा मोजायचा. उपकरण पुण्याहून पुढच्या महिन्यात मिळेल. तोवर त्या जॉबवर माणूस स्कॅनरच्या टापूत आला की रोबोट हळू होत नाही, पूर्ण थांबतो.